इंदूर–मनमाड लोहमार्ग आणि शेताच्या बांधापर्यंतचा रस्ता

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूर–मनमाड रेल्वेमार्गाच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येत असतात आणि इंदुरातल्या मराठी घरांत त्या किती उत्सुकतेने वाचल्या जातात हे वेगळे सांगायला नको. ज्यांचे निम्मे नातलग नाशिक-पुण्याकडे आहेत आणि ज्यांना मुंबई गाठण्यासाठी वर्षानुवर्षे रतलाम-वडोदऱ्याचा वळसा घ्यावा लागला, त्यांना धुळ्यावरून सरळ जाणाऱ्या गाडीचे अप्रूप वाटणारच. मात्र या मार्गाची आपल्याकडे होणारी चर्चा जवळजवळ सगळी प्रवाशांची आहे; गाडी किती तासांत पोहोचेल, थांबे कुठे असतील, तिकिटाला किती पडतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिलेला हा प्रकल्प ३०९ किलोमीटर लांबीचा, १८,०३६ कोटी रुपयांचा आणि ३० नव्या स्थानकांचा आहे. सुमारे एक हजार गावे आणि तीस लाख लोकसंख्या त्याच्या टप्प्यात येईल, असे मंजुरीच्या वेळी सांगण्यात आले आणि मध्य प्रदेशातील भरडधान्याचे व महाराष्ट्रातील कांद्याचे जिल्हे त्यामुळे जोडले जातील, असाही उल्लेख त्यात होता. म्हणजे शासनाच्या लेखी हा शेतीचाही मार्ग आहे. ग्रामीण रस्ते आणि लहान पूल बांधण्यात नोकरीची बहुतेक वर्षे घालवलेला एक निवृत्त स्थापत्य अभियंता आणि देपालपूर तहसिलीत थोडीफार वडिलोपार्जित जमीन असलेला गृहस्थ, या दोन्ही नात्यांनी मला या दुसऱ्या बाजूविषयी लिहावेसे वाटते.

मोठ्या कामांना माझा विरोध नाही, उलट ती हवीतच. पण शेतकऱ्याचा माल मोठ्या कामापाशी पोहोचतो तो लहान कामांच्या आधारे. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट, ओढ्यावरची मोरी, गावातले वाळवणाचे ओटे, चार-सहा महिने माल टिकेल अशी साठवण आणि हे सगळे बांधून झाल्यावर त्याची दरवर्षीची डागडुजी. यांतले एकही काम उद्‌घाटनाच्या लायकीचे नसते, आणि बहुधा म्हणूनच ते मागे पडते.

दळणवळणाने माळव्याची शेती बदलते याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा–इंदूर लोहमार्गासाठी एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले आणि त्या मार्गाने माळव्याचा कापूस व अफू मुंबई बंदराशी जोडली गेली. इंदुरात पुढे कापडगिरण्यांची जी रांग उभी राहिली तिच्यामागे कच्चा माल आणि कोळसा आणणारा हा मार्ग होता. त्यानंतरचा तसा मोठा बदल सोयाबीनचा. खरिपात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनीत १९७० नंतर हे पीक झपाट्याने पसरले, कारण बियाणे आणि हवामान अनुकूल होते तसेच तेलगिरण्याही जवळपास निघाल्या आणि पेंड बंदरापर्यंत नेणारी वाहतूक उपलब्ध होती. २००० साली आयटीसी कंपनीने गावातच संगणकावर बाजारभाव कळवणारी ‘ई-चौपाल’ सुरू केली ती मध्य प्रदेशातल्या याच सोयाबीनपासून. तेव्हा गावात टेलिफोनची तार भरवशाची नव्हती आणि वीजही भरवशाची नव्हती, म्हणून त्या केंद्रांना उपग्रहाची तबकडी आणि सौर बॅटरी बसवावी लागली होती. शेतकऱ्याला भाव कळावा एवढ्या साध्या गोष्टीसाठी एका खासगी कंपनीला आधी वीज आणि दळणवळण यांची सोय स्वतः करावी लागली, हे ग्रामीण पायाभूत सुविधांच्या तेव्हाच्या स्थितीवरचे पुरेसे बोलके भाष्य होते.

आता रस्त्यांकडे येतो. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २५० लोकवस्तीच्या गावांना बारमाही रस्त्याने जोडायचे, हा तिचा मूळ निकष. या योजनेने केलेले काम मी जवळून पाहिले आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावे लागे अशी गावे आमच्या भागात होती, ती आता राहिलेली नाहीत. परंतु ही योजना वस्तीपर्यंत जाते, शेतापर्यंत नाही. पीक मात्र वस्तीत उगवत नाही. गावठाणापासून शेत दोन-तीन किलोमीटर असते आणि तेवढे अंतर जुन्या गाडीवाटेने काटायचे असते. काळ्या मातीचा स्वभाव ज्यांनी तिच्यावर बांधकाम केले त्यांना ठाऊक आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि भिजल्यावर तिची भारवहनक्षमता, जिला आम्ही सीबीआर म्हणतो, दोन-तीन टक्क्यांवर येते. अशा जमिनीवर मुरमाचा पुरेसा थर आणि दोन्ही बाजूंना गटार नसेल, तर जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ट्रॅक्टर ट्रॉलीसह आत जाऊ शकत नाही. गेला तर निघत नाही.

याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता नसतो, शेतात काय पेरायचे तेही त्यावरून ठरते. आमच्या भागात ज्याचे शेत डांबरी रस्त्याला लागून आहे तो भाजीपाला करतो, कारण ऑगस्टमध्ये पहाटे तोडलेला माल सकाळी इंदूरच्या मंडीत पोहोचू शकतो. त्याच्याच पाठीमागे, तीच माती आणि तेच विहिरीचे पाणी असलेल्या शेतात सोयाबीन असते, कारण ते ऑक्टोबरात, वाट वाळल्यावर काढता येते. दोघांच्या एकरी उत्पन्नातला फरक मेहनतीचा किंवा अकलेचा नाही. गव्हाच्या वेळी आणखी एक अडचण येते. मार्च-एप्रिलमध्ये पंजाबकडून येणारी हार्वेस्टर यंत्रे आता माळव्यात सर्रास चालतात. त्यांचा कापणीचा पाता सुमारे चौदा फूट रुंद असतो. दोन्ही बांधांवरून अतिक्रमण होत होत जी वाट आठ-नऊ फुटांवर आली आहे तिच्यातून हे यंत्र जात नाही. पाता सोडवून मागे ओढत न्यायला चालक वेळ नसल्याने नाखूश असतात, म्हणून ते आधी रस्त्याकडेची शेते उरकतात आणि आतल्या शेतकऱ्याला शेवटी, वाढीव दराने, किंवा शेजाऱ्याचा गहू निघून त्याच्या रानातून वाट मिळेपर्यंत थांबावे लागते. एप्रिलमधला वळीव आणि गारा त्याच्यासाठी थांबत नाहीत.

कायद्यात यावर इलाज नाही असे नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १३१ नुसार शेतात जाण्याच्या रूढ वहिवाटीचा तंटा तहसीलदार सोडवू शकतात, तसेच महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. महाराष्ट्र शासनाने अलीकडे शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात घेण्याचे ठरवले आहे, हे पाऊल मला महत्त्वाचे वाटते, कारण वाट कागदावर आली की ती बुजवणे अवघड होते. आमच्याकडे पटवाऱ्याच्या नकाशात जुन्या वाटा असतात, पण त्यांची मोजणी होऊन हद्दीचे दगड बसले आहेत असे क्वचित दिसते. तंटा सुरू झाला की भाऊबंदकी जागी होते, पेशीवर पेशी पडते आणि तोवर दोन हंगाम निघून जातात. रुंदी निश्चित करून मुरूम टाकणे हे काम खर्चाच्या मानाने फार लहान आहे. ते अडते ते मोजणी आणि मध्यस्थीवाचून.

एक उदाहरण थोड्या तपशिलात देतो. देपालपूरकडच्या एका गावाबाहेर ओढा आहे आणि त्यावर दोन नळ्यांची मोरी आहे. नळ्या सहाशे मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे जेमतेम दोन फुटांच्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी गवताळ पडीक होती, तिथे आता सगळी जमीन वहितीखाली आली आहे, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा लवकर आणि गाळासह येते. सोयाबीनचा भुसा आणि तुराट्या नळीच्या तोंडाशी अडकतात, पाणी वर चढते आणि रस्त्याची कड खाऊन दुसऱ्या बाजूला पडते. दरवर्षी तिथे खड्डा होतो, दरवर्षी गावकरी वर्गणीने त्यात दगड-मुरूम भरतात. त्या जागी योग्य आकाराची चौकोनी मोरी आणि खाली काँक्रीटचा उतार केला तर प्रश्न वीस-पंचवीस वर्षे मिटेल. खर्च पंचायतीच्या आवाक्याबाहेर आणि मोठ्या खात्याच्या दृष्टीने नगण्य, म्हणून प्रस्ताव एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात राहतो. मोरीपलीकडच्या शेतांतला लसूण मात्र पावसाळ्याआधीच, मिळेल त्या भावाला विकला जातो, कारण नंतर तो बाहेर काढण्याची शाश्वती नसते. भावाचा प्रश्न म्हणून ज्याची चर्चा होते त्याचा काही भाग असा दोन फुटी नळीत अडकलेला असतो.

ऑक्टोबरात इंदूरहून उज्जैन, देवास किंवा धारकडे निघालेल्या कोणालाही दिसणारे एक दृश्य म्हणजे अर्ध्या रस्त्यावर पसरलेले सोयाबीन. कडेला दगड मांडलेले, बाई किंवा शाळकरी पोरगा फावड्याने दाणे खालीवर करतो आहे आणि मोटारी त्याला शिव्या देत शेजारून जात आहेत. अपघात होतात हे खरे, आणि पोलिसांनी हटकले तर चूक त्यांची नाही. पण शेतकऱ्याची बाजूही पाहावी. हमीभावाने खरेदी करताना सोयाबीनमध्ये आर्द्रता १२ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. २०२४ च्या हंगामात केंद्राला ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली होती. परतीच्या पावसात भिजलेले दाणे वाळवायला काळ्या मातीच्या शेतात कोरडी, टणक जागा नसते आणि पूर्वीची सारवलेली खळी मळणीयंत्र आल्यापासून मोडली. मग त्याच्या परिसरात उन्हाने तापणारी, सपाट आणि पक्की अशी एकच जागा उरते, ती म्हणजे सार्वजनिक रस्ता. काढणीपश्चात नुकसानीबाबत लुधियानाच्या ‘सीफेट’ या संस्थेने २०१५ मध्ये जो देशव्यापी अहवाल दिला, त्यात सोयाबीनची हानी दहा टक्क्यांच्या घरात म्हणजे तेलबियांत सर्वाधिक दाखवली होती. प्रत्येक पंचायतीत काँक्रीटचे दोन मोठे ओटे आणि ताडपत्रीची सोय, एवढ्याने यातली बरीच हानी टळेल. गावोगावी सामुदायिक सभागृहे बांधली गेली, त्यांतली काही वर्षातून दोन लग्नांपुरती उघडतात. त्यांच्या पुढे वाळवणाची जागा का नसावी हे मला कधी उमगले नाही.

रस्ते बांधण्याइतकेच ते राखणे महत्त्वाचे, हे वाक्य आमच्या खात्यात सगळे म्हणत आणि अर्थसंकल्पात कोणी पाळत नसे. ग्राम सडक योजनेत त्याची तरतूद निदान कागदावर चांगली आहे. ठेकेदाराने रस्ता केल्यावर पाच वर्षे त्याची देखभालही त्यानेच करायची, आणि रस्त्याच्या तोंडाशी जो फलक असतो त्यावर बांधकामाच्या खर्चाबरोबर या पाच वर्षांची देखभालीची रक्कम वर्षवार लिहिलेली असते. वाचकांनी गावाकडे जाताना गाडी थांबवून हा फलक जरूर वाचावा आणि मग पुढचा रस्ता पाहावा. सहाव्या वर्षी काय होते हा त्यापुढचा प्रश्न. त्यातच या रस्त्यांची जाडी ठरते ती ट्रॅक्टर, बस आणि अधूनमधून येणारा ट्रक गृहीत धरून. जवळून एखादा महामार्ग किंवा बायपास जाऊ लागला की मुरूम आणि गिट्टीचे भरलेले डंपर याच पावणेचार मीटरच्या पट्टीवरून महिनोन्‌महिने धावतात. महामार्ग पूर्ण होतो, छायाचित्रे निघतात, आणि ज्या गावांतून त्याची माती गेली त्यांचे रस्ते उखडलेले राहतात. मोठ्या कामाच्या निविदेतच हे रस्ते पूर्ववत करून देण्याची अट असावी, आणि असेल तिथे शेवटचे देयक त्याशिवाय निघू नये, असे मला वाटते.

केवळ रस्ता झाला म्हणजे शेती सुधारली, या समजुतीलाही मर्यादा आहेत. शेंगेन फॅन, पीटर हॅझेल आणि आपले सुखदेव थोरात यांनी १९९९ मध्ये केलेल्या अभ्यासात ग्रामीण दारिद्र्य घटवण्यात रस्त्यांवरच्या खर्चाचा परिणाम सर्वांत मोठा दिसला होता, तर उत्पादकता वाढवण्यात कृषी संशोधन पहिले आणि रस्ते त्याखालोखाल. याउलट सॅम ॲशर व पॉल नोवोसाद यांनी ग्राम सडक योजनेचेच परीक्षण करून २०२० मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की, नवा रस्ता आल्यावर माणसे शेती सोडून बाहेरच्या मजुरीकडे गेली, पण पीकपद्धती, उत्पन्न किंवा मालमत्ता यांत फारसा फरक पडला नाही. वरकरणी हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतील, मला तसे वाटत नाहीत. रस्ता दोन्ही दिशांना जातो. टोकाला साठवण, प्रक्रिया आणि भरवशाची वीज असेल तर त्यावरून माल बाहेर पडतो. नसेल तर माणसे बाहेर पडतात. मजुरीला जाणे वाईट आहे असे मुळीच नाही, अनेक घरे त्यानेच सावरली. पण कृषिविकास म्हणून त्या खर्चाचे श्रेय घ्यायचे असेल तर बाकीच्या गोष्टीही त्याच काळात उभ्या राहायला हव्यात.

साठवणुकीच्या बाबतीत माळव्याचा अनुभव शिकवण देणारा आहे. धान्याची साठवण मध्य प्रदेशाने खरोखर उभी केली. सिंचन वाढले, गोदामे झाली, खरेदी केंद्रांचे जाळे पसरले आणि २०२० च्या रब्बी खरेदीत १२९ लाख टन गहू घेऊन या राज्याने पंजाबला मागे टाकले. पण कांद्याचे काय झाले? २०१६ मध्ये शासनाने सहा रुपये आणि २०१७ मध्ये आठ रुपये किलोने कांदा विकत घेतला आणि तो ठेवायला जागा नसल्याने पावसात भिजून मोठ्या प्रमाणावर सडला. गव्हाच्या गोदामात कांदा ठेवता येत नाही, त्याला वारा लागतो. नाशिक-पुण्याकडच्या कांदाचाळी या महाराष्ट्रातल्या वाचकांच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, फटी ठेवलेल्या पट्ट्यांच्या भिंती, पुढे आलेले छप्पर आणि चार-पाच फुटांपेक्षा उंच न रचलेला ढीग. रब्बीचा कांदा अशा चाळीत चार-सहा महिने राहतो. आमच्याकडे अनुदान आहे, चाळीही वाढत आहेत, तरी अजून पुष्कळ कांदा घराच्या ओसरीत किंवा पत्र्याखाली ढिगाने पडलेला दिसतो आणि जूनच्या पहिल्या दमट वाऱ्याला त्यातून वास येऊ लागतो. मनमाडशी रेल्वे जोडली जाईल तेव्हा जाईल. चाळ बांधण्याचे तिकडचे कसब इकडे यायला रेल्वेची गरज नाही. दोन्हीकडच्या कृषिविज्ञान केंद्रांनी शेतकऱ्यांच्या भेटी घडवून आणल्या तरी पुष्कळ होईल.

बटाट्याची गोष्ट आणखी बारकाव्याची आहे. महू, देपालपूर आणि सांवेरच्या काळ्या मातीतला बटाटा वेफर्ससाठी चांगला मानला जातो, कारण त्यात साखर कमी आणि घनांश अधिक असतो. पण तो कसा साठवला जातो त्यावर हा गुण टिकणे अवलंबून आहे. भाजीचा आणि बियाण्याचा बटाटा शीतगृहात दोन ते चार अंशांवर ठेवतात. त्या थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि तळल्यावर काप तपकिरी पडतात. वेफर्सचा बटाटा दहा ते बारा अंशांवर, कोंब रोखणारी प्रक्रिया करून ठेवावा लागतो. दोन्ही तापमानांचे कक्ष नसलेले शीतगृह म्हणजे या शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्धेच शीतगृह. जिल्ह्यात इतक्या हजार टनांची शीतगृहक्षमता निर्माण झाली, असे आकडे जाहीर होतात तेव्हा ती कोणत्या मालासाठी आणि कोणत्या तापमानाची, हे कोणी विचारत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला बटाटा एप्रिलच्या चाळीस अंशांत उघड्यावर राहू शकत नाही आणि ज्याच्याकडे जागा नाही त्याला काढणीच्याच आठवड्यात विकावे लागते. त्या आठवड्यात सगळेच विकत असतात.

या कामांसाठी पैसा नाही असेही नाही. २०२० मध्ये जाहीर झालेला कृषी पायाभूत सुविधा निधी एक लाख कोटी रुपयांचा आहे. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याजसवलत आणि पतहमी मिळते, आणि मध्य प्रदेश त्याचा वापर करण्यात आघाडीवर राहिला आहे. नाबार्डकडचा ग्रामीण पायाभूत विकास निधी तर १९९५-९६ पासून आहे. त्यात पैसा येतो तो कृषी व अन्य अग्रक्रम क्षेत्रांना ठरल्याइतके कर्ज न देणाऱ्या बँकांकडून, ही त्यातली थोडी गंमत. परंतु गोदामासाठी कर्ज घेणारा माणूस बहुधा व्यापारी किंवा मोठा बागायतदार असतो. दोन-अडीच एकरवाल्याच्या उपयोगाचे गोदाम गावच्या सोसायटीचेच असायला हवे. सहकारी क्षेत्रात धान्य साठवणुकीची जी मोठी योजना केंद्राने ३१ मे २०२३ रोजी मंजूर केली ती नेमकी याच पातळीवरची आहे, म्हणून तिच्याकडे मी आशेने पाहतो. सोसायटीच्या गोदामात माल ठेवून त्या पावतीवर उचल मिळाली, तर दिवाळीपूर्वी विकण्याची घाई उरणार नाही.

पाणी आणि वीज हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे, तरी एक मुद्दा इथे सांगायलाच हवा. नर्मदा जल तंट्याच्या १९७९ च्या निवाड्यात मध्य प्रदेशाच्या वाट्याला २८ पैकी १८.२५ दशलक्ष एकर-फूट पाणी आले. इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आणि मंडलेश्वरजवळचे नर्मदेचे पात्र त्याच्या सुमारे चारशे मीटर खाली, त्यामुळे माळव्याच्या पठारावर येणारा नर्मदेचा प्रत्येक थेंब विजेने उचललेला असतो. अशा पाण्यावर गावाचा सगळा भार टाकण्याआधी गावातच पडणारे पाणी अडवणे शहाणपणाचे. १९९० मध्ये ज्या देवासला पाणी रेल्वेने आणावे लागले होते, त्याच देवास जिल्ह्यात २००६ च्या सुमारास भगीरथ कृषक अभियानातून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीच्या दहाव्या भागात स्वतःच्या खर्चाने शेततळी खोदली. टोंककलांसारख्या गावांनी तर कूपनलिकांवरचा भरवसा सोडून तळ्यांवर रब्बी उभी केली. माझ्या दृष्टीने ही माळव्यातली गेल्या पंचवीस वर्षांतली सर्वांत यशस्वी पायाभूत सुविधा आहे आणि तिला कोनशिला नाही. विजेच्या बाबतीत २०१३ पासून घरांना चोवीस तास आणि पंपांना दहा तास अशी विभागणी झाली, त्याने गावाचे रूप पालटले. पण पंपांच्या दहा तासांतले काही तास रात्री येतात आणि डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री पाणी द्यायला जाणाऱ्यालाच ते कळते. पंपांची वाहिनी सौर विजेवर आणण्याची कुसुम योजनेतली तरतूद नेटाने राबवली तर हे पाणी दिवसा देता येईल.

इंदूर शहर स्वच्छतेत देशात सलग पहिले येत राहिले याचा मलाही अभिमान आहे. ते यश रोज पहाटे गाडी घरापर्यंत येते यामुळे मिळाले, केवळ देवगुराडियाला कचराप्रक्रियेचा मोठा प्रकल्प उभारल्यामुळे नव्हे. घरापासून प्रकल्पापर्यंतची साखळी महापालिकेने अखंड ठेवली. शहराभोवती नवे बाह्यवळण मार्ग होत आहेत आणि त्यांत शेतजमिनी जात आहेत. मोबदल्याची भांडणे वर्तमानपत्रांत येतात, पण उरलेल्या जमिनीची अवस्था येत नाही. भराव टाकून उंच केलेल्या रस्त्याने एकाच शेताचे दोन तुकडे होतात, पाण्याची नैसर्गिक वाट बंद होते आणि ट्रॅक्टरला पलीकडे जायला दोन-तीन किलोमीटरचा फेरा पडतो. आराखड्याच्या वेळीच गावकऱ्यांना नकाशा दाखवून, त्यांची वहिवाट कुठे आहे आणि पावसाचे पाणी कुठून जाते एवढे विचारले, तर भुयारी मार्ग आणि मोऱ्या योग्य जागी येतील. नंतर भराव फोडून त्या करणे कितीतरी पट महाग पडते.

हाच नियम इंदूर–मनमाड मार्गाला लागू आहे. भूसंपादन आणि स्थानकांचे आराखडे यांचा हा काळ आहे. तीस नव्या स्थानकांपैकी कोणत्या स्थानकांवर मालधक्का असेल, त्याला छप्पर असेल का, ट्रॅक्टर-ट्रॉली थेट धक्क्याला लागेल का, शेजारी शीतगृहासाठी जागा राखली आहे का, आणि स्थानकापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघातले ग्रामीण रस्ते व शेतरस्ते कोणत्या योजनेतून सुधारले जाणार, हे प्रश्न आत्ता विचारले पाहिजेत. २०२० मध्ये इंदूरच्या लक्ष्मीबाई नगर स्थानकावरून कांद्याची किसान रेल्वे थेट गुवाहाटीकडे गेली होती, म्हणजे माल आहे आणि लांबची बाजारपेठही आहे. ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा ११ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे या रेल्वेमार्गानंतर नऊच दिवसांनी मंजूर झाला. त्यात ७०,१२५ कोटी रुपये खर्चून ६२,५०० किलोमीटरचे रस्ते २०२८-२९ पर्यंत व्हायचे आहेत आणि रेल्वेमार्गाचे उद्दिष्टही त्याच वर्षाचे आहे. बडवानी, खरगोन, धार या जिल्ह्यांत दोन्ही कामांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, हे जिल्हा प्रशासनांनी जाहीर करावे, अशी माझी सूचना आहे.

आपल्याकडेही एक विनंती. नव्या कामांच्या बातम्या देताना आपले वार्ताहर लांबी आणि खर्च न चुकता देतात. त्याच्या जोडीला, त्याच तहसिलीत मागच्या पाच वर्षांत झालेल्या रस्त्यांच्या देखभालीवर फलकावर लिहिलेल्या रकमेपैकी किती खर्च झाली, हा आकडाही त्यांनी संबंधित कार्यालयाकडून मागून छापावा. माहितीच्या अधिकारात तो मिळू शकतो, आणि हवी असल्यास अर्जाचा मसुदा करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
इंदूर